वैमानिकाचा बिल्ला, फोटो आणि नोंदवही

पदार्थसंग्रहालयांत पाऊल टाकलें कीं जें मोठें तेंच प्रथम डोळ्यांत भरतें. दिल्लीस पालम येथें भारतीय वायुदलाचें संग्रहालय १९६७ सालीं उघडलें. तेथील वापिती, हरिकेन, स्पिटफायर हीं जुनीं विमानें पाहून मुलांचे पाय जागच्या जागीं खिळतात. परंतु आंतील दालनांत मांडलेल्या गणवेशांपुढें व जुन्या फोटोंपुढें फार थोडे लोक थांबतात. वास्तविक विमान हें यंत्राची गोष्ट सांगतें. माणसाची गोष्ट ह्या लहान वस्तूंत असते. ती कशी वाचावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

प्रथम बिल्ला घेऊं. ब्रिटनचें रॉयल फ्लाइंग कोअर हें दल १९१२ सालीं स्थापन झालें व पुढल्याच वर्षीं वैमानिकाकरितां चिन्ह ठरलें: दोन पसरलेले पंख, मध्यें पानांची माळ, तींत दलाचीं आद्याक्षरें आणि वर मुकुट. विमानांतून टेहळणी करणाऱ्यास १९१५ सालीं निराळें चिन्ह मिळालें. त्यांत 'ओ' हें अक्षर व एकच पंख. १ एप्रिल १९१८ रोजीं रॉयल एअर फोर्स निर्माण झालें व अक्षरें बदललीं. आपल्या वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९४५ सालीं त्याच्या नांवामागें 'रॉयल' हा शब्द लागला. २६ जानेवारी १९५० रोजीं तो गेला, आणि मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणून बिल्ला पाहून माणसाचें काम व त्याचा काळ ओळखतां येतो. मात्र त्याचें नांव त्यावर नसतें.

फोटो आपणांस चेहरा दाखवितो, सोबती दाखवितो, मागें उभें असलेलें विमान दाखवितो. पण पाठीवर कोणीं नांवें लिहिलीं नसतील, तर तोही मुका. पन्नास वर्षांनीं त्या हंसऱ्या तरुणांस ओळखणारें कोणीही उरत नाहीं.

उरलेली उणीव कागद भरून काढतात. वैमानिकाच्या नोंदवहींत तारीख, विमानाची जात व क्रमांक, सोबत कोण होतें, काम कोणतें, आणि हवेंत किती वेळ गेला, हें सारें लिहिलेलें असतें. रात्रीचीं उड्डाणें लाल शाईनें लिहिण्याचा प्रघात होता. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयांत पहिल्या महायुद्धांतील अधिकाऱ्यांचीं 'कॅज्युअल्टी फॉर्म' नांवाचीं पत्रकें जपलीं आहेत. नांव हताहतांचें असलें तरी त्यांत बदली, रजा, रुग्णालयांतून परत येणें ह्यांच्याही नोंदी सांपडतात.

तिन्ही वस्तु एकत्र कां वाचाव्या, हें इंद्रलाल रॉय ह्यांच्या उदाहरणावरून कळेल. ते १८९८ सालीं कलकत्त्यास जन्मले व १९१७ सालीं फ्लाइंग कोअरमध्यें शिरले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचें विमान कोसळलें. दुखण्यांतून उठतांना त्यांनीं विमानांचीं रेखाटनें काढलीं. त्यांतील पुष्कळ अद्याप उपलब्ध आहेत. १९१८ च्या जुलैमध्यें सुमारें दोन आठवड्यांत त्यांच्या नांवावर १० विजय नोंदले गेले, आणि २२ जुलै रोजीं फ्रान्सच्या आकाशांत लढतांना ते पडले. वय अवघें १९! 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हें पदक मिळविणारे ते पहिले भारतीय. नुसतें पदक पाहणारास वाटेल कीं, तें त्यांच्या छातीवर झळकलें असेल. परंतु तें जाहीर झालें सप्टेंबर १९१८ मध्यें. तें त्यांनीं कधीं पाहिलेंच नाहीं. ही गोष्ट धातूच्या पदकास सांगतां येत नाहीं. ती कागदावरील एका तारखेनें कळते.

विद्यार्थीमित्रहो, संग्रहालयांत गेलांत तर विमानापाशीं अवश्य थांबा, पण काचेआडचा कागदही वाचा. आणि पालकांस आमची एक विनंति आहे. आपल्या घरींही ट्रंकेंत जुने फोटो असतील. त्यांत कोणी शिपाई असेल, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. येत्या सुट्टींत घरांतील वडील माणसांजवळ बसून प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहून ठेवा. सांगणारें माणूस आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.