शेवंतीची रात्र राखताना

संपादकांना ‘दिव्याखालची शेती’ या विषयावर लेख हवा होता. अकोल्यातल्या एका रोपवाटिकेत मागच्या खोलीत एलईडीवर शेवंती फुलवतात असं कळलं, म्हणून गेले. जांभळट उजेडाचे पॅनल बघायची उत्सुकता होती. पण नजर खिळली ती भिंतीवरच्या टायमरवर. मुठीएवढी तबकडी, कडेनं 96 पिना, एक पिन पंधरा मिनिटांची. पिन दाबली की तेवढा वेळ दिवे चालू, वर उचलली की बंद.

हा टायमर सांभाळणारे भाऊ पूर्वी वायरिंगची कामं करत. कोणाला रोपं दाखवायची झाली तरी ते आधी घड्याळ बघतात. “उजेड काय, कोणीबी देते. रात्र सांभाळा लागते, मॅडम,” ते म्हणाले.

शेवंती लहान दिवसांचं झाड आहे. अखंड अंधार पुरेसा लांबला की ती कळी धरते. 1920 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी हा नियम मांडला तो तंबाखू आणि सोयाबीनवर. सोयाबीन म्हणजे आज वऱ्हाडाचं मुख्य पीक. हायमास्ट दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वावर पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं, त्याचं कारणही हेच: त्याला रात्र पुरी मिळत नाही.

अकोल्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर जातो, डिसेंबरात अकराच्या आत येतो. म्हणून बाहेरची शेवंती पावसाळा सरल्यावर फुलावर येते. खोलीत हे ऋतू पिनांवर ठरतात. कटिंगला मुळं फुटेपर्यंत भाऊ पॅनल दोन फुटांवर टांगतात, 16 तास दिवे. रोपं उंच, बारीक होऊन वाकू लागली तर पॅनल खाली घ्यायचा. शेंड्याची पानं फिकट पडून कडा वळल्या तर वर. साखळीच्या कड्या मोजत ते हे करतात. रोप हवं तेवढं भरलं की एका संध्याकाळी पिना उचलून दिवे 12 तासांवर आणायचे. तास चतुर्थांशानं कमी झाले, तर तेवढाच एकूण उजेड मिळायला प्रखरता तिसऱ्या हिश्शानं वाढवावी लागते. म्हणून त्याच वेळी पॅनलही थोडा जवळ येतो. तिथून फूल उमलायला जातीप्रमाणे साधारण आठ ते दहा आठवडे.

या आठवड्यांत खोलीत रात्री कोणी दिवा लावत नाही. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या उजेडाला फार हळवं आहे. मध्यरात्रीचा थोडासा उजेडही लांब रात्रीचे दोन तुकडे करतो आणि कळी अडते. दाराला काळी ताडपत्री आहेच, शिवाय स्टॅबिलायझरच्या मिणमिणत्या लाल दिव्यावरही भाऊंनी काळी टेप चिकटवली आहे.

इतकं करूनही घात करते ती वीज. पिनांचा टायमर विजेवरच फिरतो. दोन तास वीज गेली की तोही दोन तास मागे पडतो. बंद खोलीतल्या झाडाला त्याचं सोयरसुतक नसतं, पण खोलीत माणसं घड्याळानं येतात. टायमर मागं सरकत गेला की सकाळी झाडायला दार उघडणारा माणूस थेट झाडाच्या रात्रीत शिरतो. “झाडाले का माहीत सकाळ झाली म्हून?” भाऊ म्हणतात. आता त्यांनी बॅटरीचा डिजिटल टायमर मागवला आहे. तोवर वीज आली की तबकडी हातानं पुढं करायची.

उन्हाळा त्याहून अवघड. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांवर असतो आणि पॅनल घेतो ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उरते. फार उष्ण रात्रीत शेवंतीची कळी अंधार पुरेसा असूनही रेंगाळते. कूलर लावावा तर हवेत ओल वाढते आणि पानांवर बुरशी येते. एसी लावला तर फुलाचा हिशोब जुळत नाही. विजेचं गणित तर साधं आहे: 100 वॅटचा एक पॅनल 16 तास चालला की महिन्याला 48 युनिट, 12 तासांवर 36. त्यामुळे या रोपवाटिकेत उन्हाळ्यात खोलीत फक्त कटिंग वाढतात. फुलांचा डाव पावसाळ्यानंतरच मांडला जातो, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

घरात दिव्याखाली झाडं लावायची हौस असलेल्यांना एवढंच सांगणं: मिरची, टोमॅटोला दिवसाच्या लांबीशी फारसं देणंघेणं नाही, त्यांना उजेड भरपूर द्या. शेवंती लावणार असाल, तर महागड्या पॅनलच्या आधी बॅटरीचा टायमर आणि जाड काळा पडदा घ्या.