डोकं चकोट करायचं कधी?

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकू लागले, भोवऱ्यापाशी त्वचा दिसू लागली, की पुरुष काय काय करतात हे सलूनवाल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आधी तेल बदलतं, मग शॅम्पू. कांद्याचा रस लावून होतो, माक्याचं तेल होतं. भांग हळूहळू कानाकडे सरकतो आणि एका बाजूचे लांबवलेले केस रिकाम्या जागेवरून पलीकडे नेऊन बसवले जातात. त्यानंतर फवारे, गोळ्या, इंजेक्शनं. ऐपत असेल तर केसांचं प्रत्यारोपण, नाहीतर विग. हे सगळं करून थकल्यावर, आता दुसरं काही उरलं नाही अशा मनःस्थितीत, डोकं साफ करून टाकायचा विचार येतो. वस्तरा म्हणजे हार पत्करणं, असा समज त्यामागे असतो. मला हा सगळा क्रमच उलटा वाटतो. ज्या निर्णयाला सगळ्यांत कमी पैसे लागतात आणि जो काही महिन्यांत पूर्ण मागे घेता येतो, त्याच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं झुरतात. आणि जे निर्णय एकदा घेतले की वर्षानुवर्षं निभवावे लागतात, ते एखादी जाहिरात पाहून घेतले जातात.

केस वाढतात कसे, हे पाहिलं की यातली विसंगती कळते. निरोगी डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांचा छोटा टप्पा येतो, नंतर सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा या चक्राचाच भाग आहे. पुरुषी टकलात बिघडतं ते मूळ. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं अधिक प्रभावी संप्रेरक तयार होतं, आणि आनुवंशिकतेने ज्यांच्या कपाळावरची व माथ्यावरची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांची ती मुळं प्रत्येक चक्रात थोडी थोडी आक्रसत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग लव, मग काहीच नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1942 मध्येच दाखवून दिलं होतं, की वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणं निकामी झाली त्यांना असं टक्कल पडत नाही. पण टकलाचा वारसा असलेल्या अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर पडू लागतं. म्हणजे हा दोष ना टोपीचा, ना हेल्मेटचा, ना बोअरच्या पाण्याचा. वस्तरा मात्र या सगळ्या घडामोडींच्या जवळपासही पोचत नाही. त्वचेबाहेर दिसतो तो केस निर्जीव असतो. वस्तरा तेवढाच कापतो. जी मुळं शाबूत आहेत ती महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने केस वाढवत राहतात. चकोट केलेलं डोकं आवडलं नाही, तर तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर केस परत येतात, जितके आधी होते तितकेच.

'तितकेच' हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे याच्या नेमका उलट विश्वास आहे. लहान बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, असं घराघरात मानतात आणि त्याच आशेने अनेक तरुण गोटा करून घेतात. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये दाढीच्या केसांवर हे तपासलं आणि दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढ बदलत नाही असं त्यांना आढळलं. 1970 मध्ये काही तरुणांचा एकच पाय कित्येक महिने दर आठवड्याला साफ करून दुसऱ्या पायाशी तुलना केली गेली. फरक निघाला नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला तो राठ लागतो, एवढंच. बाळाचे केस पुढे दाट होतात ते वयाबरोबर होतात, जावळ काढलं तरी आणि नाही काढलं तरी. तेव्हा केस परत मिळवण्यासाठी डोकं करणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार. केसांशिवाय आपण कसे दिसतो आणि आपल्याला कसं वाटतं, हे पाहण्यासाठी करावं.

आता दुसऱ्या पारड्यातल्या उपायांकडे पाहू. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्याला लावायचं औषध म्हणून ते पुढे आलं आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी वापरलं जाई; त्याची एक मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये टकलासाठी मंजूर झाली. दोन्ही औषधं खरोखर काम करतात आणि त्यांना नाकारण्याचं कारण नाही. पण ती काम करतात तोवरच, जोवर ती चालू आहेत. बंद केली की काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, टिकवलेले केसही जातात. म्हणजे पंचविशीत पहिली गोळी घेणारा माणूस वीस-तीस वर्षांचा करार करत असतो. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छेवर आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, हेही डॉक्टरांकडून समजून घेतल्याशिवाय ती गोळी सुरू करू नये. प्रत्यारोपणात मानेकडचे, डीएचटीला दाद न देणारे केस काढून पुढे लावतात. हा साठा मर्यादित असतो. शिवाय लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळत राहतात. फार लवकर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या तरुणाच्या कपाळावर पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळा माथा अशी स्थिती येऊ शकते, मग पुन्हा शस्त्रक्रिया. त्यात ही शस्त्रक्रिया कोण करतं हा प्रश्न आपल्याकडे इतका गंभीर झाला, की 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सूचना काढाव्या लागल्या: यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत हजेरी लावून कोणी केसांचं प्रत्यारोपण करू नये.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. औषधं जिवंत मुळांवरच चालतात. एकदा मूळ पूर्ण आक्रसलं की कोणतंही औषध त्याला परत आणत नाही. मग डोकं साफ करून वेळ घालवण्यात शहाणपण काय? हे खरं आहे, पण पुरुषी टक्कल वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतं. दोन महिन्यांच्या प्रयोगाने हातचं काही जात नाही. दुसरं म्हणजे, डोकं चकोट असतानाही औषध चालू ठेवता येतं, कारण औषधाचं काम मुळाशी असतं आणि वस्तऱ्याचं टोकाशी. उलट हा प्रयोग आधी केला, तर औषधाचा निर्णय भीतीपोटी होत नाही. केस गेल्यावर आपण कसे दिसू ही धास्तीच बहुतेकांना महागड्या उपायांकडे ढकलते. ते रूप ज्याने आरशात पाहिलं आहे, तो शांतपणे ठरवू शकतो की वीस वर्षांचा तो करार आपल्याला हवा आहे की नको.

लोक काय पाहतात, यावर थोडा अभ्यास झालेला आहे. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधील अल्बर्ट मॅनेस यांनी 2012 मध्ये तीन प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात त्यांनी त्याच पुरुषांचे दोन-दोन फोटो दाखवले: एक केसांसह, दुसरा संगणकावर केस काढून टाकलेला. केस नसलेल्या फोटोतला माणूस पाहणाऱ्यांना अधिक रुबाबदार, अधिक उंच आणि अधिक ताकदवान वाटला. मात्र तो वयाने थोडा मोठा आणि दिसायला थोडा कमी देखणाही वाटला, हे लपवू नये. केस विरळ होत चाललेल्या पुरुषाची लोकांच्या नजरेतली पत डोकं साफ केल्याने सुधारू शकते, असा मॅनेस यांचा निष्कर्ष आहे. अभ्यास अमेरिकेतला आहे, आणि फोटोवरून किंवा वर्णनावरून अनोळखी माणसांनी दिलेली मतं म्हणजे आयुष्य नव्हे. तरी एक गोष्ट त्यातून उघड होते. भरघोस केसांशी तुलना केली तर चकोट डोकं काही बाबतींत उणं ठरेलही, पण ती तुलनाच गैरलागू आहे. ज्याचे केस जात आहेत त्याच्यापुढे भरघोस केस हा पर्यायच नसतो. त्याला निवड करायची असते ती झाकलेल्या विरळपणात आणि उघड्या डोक्यात.

महाराष्ट्रात मात्र एक अडचण अमेरिकेत नाही अशी आहे. तरुण मुलगा गोटा करून दिसला की शेजारी दबक्या आवाजात विचारतात, 'घरी काही झालं का?' आई-वडील गेल्यावर मुलाने क्षौर करणं ही इतकी पक्की खूण आहे, की आई-वडील हयात असताना डोकं करणं अनेक घरांत अशुभ मानतात. आईला हे बघवत नाही, आणि तिच्या भावनेला तर्काने उत्तर देण्यात अर्थ नाही. पण या समाजात डोकं करण्याची ती एकच वेळ कधीच नव्हती. जावळ काढतात, मुंजीत डोकं करतात, नवस फेडायला तिरुपतीला केस देऊन आलेली माणसं पुढचे दोन महिने तशीच ऑफिसला जातात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. घरच्यांना आधी सांगितलं, एकदम वस्तरा न लावता केस टप्प्याटप्प्याने बारीक करत नेले, तर डोळ्यांना सवय होते. लग्नाचं काय, हा दुसरा प्रश्न. स्थळं पाहताना टक्कल आडवं येतं, हे खोटं नाही. परंतु टोपी घालून काढलेला फोटो किंवा विग यांनी अडचण सुटत नाही, ती साखरपुड्यानंतरच्या दिवसांवर ढकलली जाते, आणि तेव्हा प्रश्न केसांचा न राहता विश्वासाचा होतो. पडद्यावरही चकोट डोकं बराच काळ खलनायकाचं राहिलं. 1980 च्या 'शान'मधला शाकाल सगळ्यांना आठवतो. पण 1984 मध्ये 'सारांश'मध्ये शिवाजी पार्कच्या म्हाताऱ्या प्रधान मास्तरांची भूमिका करणारा अनुपम खेर नावाचा नट तेव्हा तिशीच्या आत होता. त्याचे केस गेलेले होते, आणि त्या अवस्थेतच त्याची कारकीर्द उभी राहिली.

सगळ्यांनी आणि केव्हाही वस्तरा हाती घ्यावा, असं मात्र मी म्हणणार नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. ही गळती बहुधा आपोआप थांबते आणि केस परत येतात, त्या घाबरलेल्या दिवसांत कायमचा निष्कर्ष काढू नये. नाण्याएवढे गोल चट्टे पडले तर ती चाई असू शकते, खपल्या आणि खाज असेल तर बुरशी. दोन्हींना त्वचारोगतज्ज्ञ हवा. जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत गळून पडले, तेव्हा लाजेपोटी काहींनी डोकी साफ करून घेतली. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा वेळी केस हे शरीरात काही बिनसल्याचं लक्षण असतं, आणि लक्षण झाकण्याआधी कारण शोधावं लागतं.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय वेगळ्याच इतिहासातून येतो. ज्या महाराष्ट्रात विधवांचं केशवपन सक्तीने होत असे, आगरकरांना त्याविरुद्ध लेखणी झिजवावी लागली आणि 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, तिथे बाईच्या चकोट डोक्याकडे निव्वळ आवड म्हणून पाहणं समाजाला सहज जमणार नाही. म्हणूनच हा निर्णय तिने स्वतः घेतलेला असणं इथे सर्वांत महत्त्वाचं. केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हे ठळक दिसतं. अनेक औषधांमध्ये पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर आणि न्हाणीघरात पुंजक्यांनी येऊ लागतात. ते पाहत बसण्याऐवजी आधीच केस काढून टाकणाऱ्या स्त्रिया असतात, आणि शेवटपर्यंत एकेक केस जपणाऱ्याही. दोघींचं बरोबर आहे. नातेवाइकांनी मात्र 'जाणारच आहेत तर काढून टाक' असं म्हणू नये.

पुरुषांसाठी प्रत्यक्ष कृतीचं सांगायचं तर आधी मशीनचा तीन नंबर मारावा, मग एक, मग झिरो, आणि तेवढ्यानंतरही पटलं तर वस्तरा. पहिल्यांदा उघडी पडलेली टाळू चेहऱ्यापेक्षा फिकी दिसते. रंग एकसारखा व्हायला थोडे दिवस लागतात, म्हणून पहिल्या संध्याकाळच्या आरशावरून मत बनवू नये. सलूनमध्ये पातं समोर बदलून घ्यावं, कारण वापरलेल्या पात्यातून कावीळ-बी आणि सी यांचा संसर्ग होऊ शकतो. उन्हात टोपी किंवा सनस्क्रीन लागतंच. केस नसलेल्या टाळूवर वर्षानुवर्षं पडणारं ऊन त्वचेला इजा करतं. वस्तऱ्याचं गुळगुळीत डोकं टिकवायला दर दोन-तीन दिवसांनी वेळ काढावा लागतो. तेवढं ज्याला जमणार नाही, त्याने झिरो मशीनवर थांबावं: आठवड्यातून एकदा, घरच्या घरी, दहा मिनिटांत होतं, आणि चार हातांवरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक फारसा कळत नाही.