यात्रेत पाल मांडण्याआधी हिशेब मांडा

आश्विनात देऊळगाव राजाला बालाजी महाराजांची यात्रा भरते. शेती सांभाळून टोपल्या, सुपे विणणाऱ्यांनाही तिथे पाल मांडावेसे वाटते. पण गल्ला भरला म्हणजे नफा झाला, असे नव्हे बरे का! समजा, ३,००० रुपये आले. बांबूचे १,२००, जागेचे ५००, गाडीभाडे ४०० वजा जाता उरले ९००. दोघे तीन दिवस बसले, म्हणजे रोज माणशी १५०. विणण्याचे दिवस तर धरलेच नाहीत!

यात्रा कमिटीवर असाल, तर कारागिरांना परतीच्या वाटेवर जागा द्या. दर्शनाआधी सूप हातात कोण वागवील? जागाभाडे आधीच सांगा, जमल्यास कमी घ्या, पावती द्या. रात्री उजेडाची सोय ठेवा.