खाडीच्या पाण्याची वही

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण ओलांडून वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. वाटेतील शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणीही तिच्यासोबत येते. त्याची झळ प्रथम आपल्या कोळी बांधवांच्या जाळ्याला बसते. केवळ तक्रार करून भागत नाही. नोंद हवी आणि ती धर्मग्रामातील स्वयंसेवकही ठेवू शकतात.

मुख्य तपासणी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. सांडपाणी कुजवणारे जीवाणू तो वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य नदीच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा. नमुन्याची बाटली पाण्याखालीच भरून बंद करावी. आत हवेचा बुडबुडा राहिल्यास आकडा फसवा निघतो. सोबत सामू, तापमान, खारेपणा व गढूळपणा नोंदवावा.

खाडीत भरती-ओहोटी विसरून चालत नाही. भरतीला समुद्राचे पाणी आत येऊन घाण विरळ होते. ओहोटीला वरचे पाणी खाली उतरते. म्हणून प्रत्येक नमुन्यापुढे जागा, तारीख, वेळ व भरतीची स्थिती लिहावी. एका दिवसाच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. वर्षभराच्या वहीकडे मात्र अधिकाऱ्यांना सहज दुर्लक्ष करता येत नाही.

शुद्ध पेयजल हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात स्पष्ट केले. त्या शिकवणीचे पालन आपण खाडीच्या काठावरूनच सुरू करू या.