कारभारीण: नावाची की कामाची?

आपल्याकडे नवऱ्याला कारभारी म्हणतात आणि बायकोला कारभारीण. शब्द जोडीचे आहेत. पण घरचा कारभार खरोखर बाईच्या हातात आला, की गावाला ते पचत नाही. पारावर लगेच कुणीतरी म्हणतं, ‘तो तं बायकोनं ऐकस!’ आणि बाकीचे हसतात. आज आम्ही त्याच घरांबद्दल बोलणार आहोत, जिथं बाई पुढं आणि नवरा तिच्या जोडीनं चालतो. अशा घरात नवऱ्याचं काय होतं, बाईचं काय होतं, दोघांतली माया कमी होते की वाढते?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ओझं वाहणं म्हणजे कारभार नव्हे. साक्री तालुक्यातून दरवर्षी कितीतरी जोड्या गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे अर्धा कोयता बाई आहे. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्याआधी पहाटे उठून भाकरी टाकते. पण मुकादमाची उचल मोजून घेतो नवरा. किती घेतली, किती फिटली, हे पुष्कळ बायांना पट्टा पडेपर्यंत ठाऊक नसतं. बचत गटाचं कर्जही तसंच. सही बाईची, हप्ता बाईचा आणि पैशातून आलेली मोटरसायकल कुणाच्या बुडाखाली, ते तुम्हीच सांगा. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बाईच्या खात्यावर येतात, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं?

सरकारची कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्यात बाईला तीन प्रश्न विचारतात. तुझ्या आजारपणाचा निर्णय कोण घेतं? घरातली मोठी खरेदी कोण ठरवतं? माहेरी, नातेवाइकांकडे जायचं कोण ठरवतं? प्रश्न साधे वाटतात. गटाच्या बैठकीत आम्ही ते एकमेकींना विचारून पाहिले, तर माहेरच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

आता आमच्या ओळखीतलं एक जोडपं सांगतो. नावं सांगणार नाही. शेत दोन-अडीच एकर, उन्हाळ कांदा घेतात. नवऱ्याला हिशेबाचा कंटाळा, बाईला आकडे तोंडपाठ. एका वर्षी तोच म्हणाला, ‘चाळ कधी फोडायची ते तूच ठरव.’ तिनं रोजचे भाव विचारले, थांबायचं ठरवलं आणि नेमका भाव उतरला. वर निम्मा कांदा सडला. तेव्हा नवरा चारचौघांत म्हणाला, ‘हिनं बुडवलं.’

बाईला रडू आलं ते पैशाचं नव्हे. त्याआधी दोन वेळा त्याचाही अंदाज चुकला होता. तेव्हा घरात, गावात सगळे म्हणाले होते, ‘भाव पडला.’ पुरुष चुकला तर भाव पडतो, बाई चुकली तर बाईच बुडवते! बाईच्या हाती कारभार द्यायला पुष्कळ नवरे तयार होतात हो. पण तिला चुकायची मुभा कुणी देत नाही. मग ती घाबरते आणि म्हणते, ‘नको बाई, तुम्हीच ठरवा.’ लोक म्हणतात, बघा, बायांनाच कारभार नको असतो.

या बाईनं तसं केलं नाही. चार दिवस अबोला झाला, मग तिनं शंभर पानी वही आणली. तारीख, त्या दिवशीचा भाव, कोण काय म्हणालं, काय ठरलं, असं दोघांनी लिहायला सुरुवात केली. दोन हंगाम गेल्यावर वहीतच दिसलं की अंदाज दोघांचेही चुकतात. आता ती मार्केटला जाते त्या दिवशी भाकरी तो करतो. सुरुवातीला दार लावून करायचा, कुणी बघू नये म्हणून. आम्ही त्याला विचारलं, तुमचं काय कमी झालं? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आधी कर्जाचा आकडा फक्त माझ्या पोटात असायचा. झोप लागायची नाही. आता दोघांना ठाऊक आहे.’

हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. कर्त्या पुरुषानं सगळं एकट्यानं पेलायचं, घरात चकार शब्द काढायचा नाही, यालाच आपण मर्दपणा समजत आलो. त्या मर्दपणापायी आपल्या भागात किती घरांत काय झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण सगळीकडे असं गोड होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बिना अग्रवाल आणि प्रदीप पांडा या दोन अभ्यासकांनी विवाहित बायांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा शंभरातल्या ४९ बायांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर जमीन आणि घर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ७ होतं. उलट, जिची नोकरी नवऱ्यापेक्षा वरची होती तिला धोका जास्त दिसला. बाईची कमाई वाढली की नवऱ्याला टोचतं, आणि ती कमाई आज आहे, उद्या नाही. घर-जमीन मात्र जागेवर असते. ‘मला जायला जागा आहे’ हे तिला ठाऊक असतं आणि त्यालाही. हात उगारण्याआधी तो विचार करतो.

आता म्हणाल, नवरे कशाला जमीन नावावर करतील? तर आपल्या खानदेशातच केली आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आपल्यातल्या काही थोरल्या बायांना त्याची गर्दी अजून आठवते. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडावं. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शंभराहून जास्त नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. मोर्चा नाही, कोर्ट नाही. एकट्या नवऱ्यानं केलं असतं तर पारावर हसू झालं असतं. शंभरांनी एकदम केलं, मग हसणार कोण? मग जमीन मिळालेल्या बाईनं तिच्यात स्वतःच्या मनानं, खर्च कमी ठेवून प्रयोग करावेत म्हणून ‘सीताशेती’चाही कार्यक्रम आला.

नंतर १९९२ साली सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, त्याच्या हिश्श्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. पण तीस वर्षांनंतरही किती उताऱ्यांवर बाईचं नाव आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत जेमतेम चौदा बाया होत्या. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावेच द्यायचा, असं लिहिलेलं आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही.

एक टोचणारी गोष्टही बोलून टाकू. काही घरांत बाईच्या हाती किल्ल्या येतात आणि ती सासऱ्यासारखीच वागायला लागते. नवऱ्याला चारचौघांत गप्प कर, सुनेला दहा रुपयांचा हिशेब माग. आम्ही त्याला बाईचा कारभार म्हणत नाही. जागेवर माणूस बदललं, एवढंच. मागं एका श्रोत्या भाऊंनी चिठ्ठी पाठवली होती, ‘बाई पुढं गेली तर आम्ही मागं राहायचं का?’ भाऊ, बैलजोडीत पुढं-मागं नसतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा किंवा वनपट्ट्याची झेरॉक्स आणा. वाचता येत नसेल तरी आणा, आम्ही वाचून दाखवू. नाव कुणाचं आहे ते आधी बघू. आणि जमलं तर कारभाऱ्यालाही सोबत आणा, चहा तो करेल.