खातं हवं, पण पासबुक नको!
सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी पैसे साठवायचे, तर रक्कम इतकी किरकोळ की बँका खातंच उघडेनात! तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. परवान्याच्या अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.
पुढे खातेदारांनीच बजावलं, पासबुक नको, ते नवऱ्याच्या हाती लागतं. (हे कुठल्या बाजारपाहणीत कळलं असतं?) त्यावर उपाय म्हणून स्मार्ट कार्ड आलं, आणि पैसे भरून घ्यायला बँक दारात जाऊ लागली.