धबधबा एक, सरहद्दी तीन

व्यापारानिमित्त झांबिया किंवा झिम्बाब्वेला जाणारे बांधव एक दिवस काढून व्हिक्टोरिया धबधबा पाहतातच. झांबेझी नदीचा हा धबधबा १०८ मीटर उंच आहे. उत्तरेला झांबियाचे लिव्हिंग्स्टन, दक्षिणेला झिम्बाब्वेचे व्हिक्टोरिया फॉल्स गाव आणि मधे १९०५ सालचा पूल. पायी पूल ओलांडला तरी देश बदलतो. खिशाला कात्री लागते ती येथेच.

एकाच प्रवेशाचा व्हिसा कापलेल्या ताक्यासारखा असतो, पुन्हा जोडता येत नाही. पलीकडच्या देशात प्रवेशाचा शिक्का घेतला की तो संपला. सामान व परतीचे तिकीट अलीकडे असेल, तर संध्याकाळी पुन्हा व्हिसा, पुन्हा फी.

यावर तोड म्हणून दोन्ही देशांनी २०१४ साली ‘काझा’ संयुक्त व्हिसा सुरू केला. फी ५० डॉलर, मुदत ३० दिवस. तेवढ्यात दोन्हीकडे हवी तितकी ये-जा. काझुंगुला नाक्यावरून शेजारच्या बोत्स्वानात दिवसाची फेरीही चालते, मात्र तेथे रात्रीचा मुक्काम केल्यास व्हिसा बाद होतो. हा व्हिसा प्रत्येक देशाच्या पासपोर्टाला मिळत नाही. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील वकिलातीत चौकशी करावी.

नुसता पुलावरून नजारा पाहायचा असेल, तर नाक्यावर पासपोर्ट दाखवून पुलाचा पास घ्यावा. त्यात व्हिसा खर्ची पडत नाही.

पर्यटक व्हिसावर माल विकता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्या दिवशी नमुन्यांची पेटी हॉटेलातच ठेवावी.